उपसर्गाचा उपसर्ग

उपसर्ग या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात उपसर्ग म्हणजे शब्दाच्या पुढ्यात येऊन बसणारी एकदोन अक्षरे. आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात उपसर्ग म्हणजे उपद्रव. "त्या मधल्या खोलीतल्या बिऱ्हाडाचा फार उपसर्ग होतो हो," असे आमची आजी म्हणायची, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर प्र, परा, अप, सम् नसत. मधल्या खोलीतली सात मुले असत. संस्कृत वैयाकरणांना मात्र दोन्ही अर्थांची चांगली कल्पना असावी. उपसर्ग हा धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असे ते सांगून गेले आहेत. अपहरणच म्हणा ना! (आणि या अपहरणातसुद्धा 'अप' बसलेला आहेच.) साधा 'हार' घ्या. त्याला आ लावला की जेवण, वि लावला की सहल, परि लावला की शंकेचे समाधान, प्र लावला की टोला आणि सं लावला की कारभारच आटोपला.

पण संस्कृतचे उपसर्ग कसे, खानदानी. बावीस म्हणजे बावीस. त्यांची यादी आहे, ती पाठ करता येते आणि म्हातारपणापर्यंत विसरता येत नाही. इंग्रजीतले उपसर्ग म्हणजे गिरगावातली चाळ. 'अन' हा घरचा, मूळचा भाडेकरू. 'इन', 'डिस', 'रि', 'प्रि' ही लॅटिनकडून आलेली बिऱ्हाडे. 'अँटी' ग्रीकांकडचा. कोण कुणाच्या दारात उभा राहून काय बोलेल याचा नेम नाही, आणि चाळीचा मालक तर शेकडो वर्षांत फिरकलेला नाही.

आम्हांला इंग्रजी लागले ते आठवीत. आमच्या मास्तरांनी उपसर्गांचा प्रश्न एका तासात निकालात काढला. फळ्याच्या मध्ये उभी रेघ मारली, डावीकडे 'हॅपी' लिहिले, उजवीकडे 'अनहॅपी' लिहिले आणि म्हणाले, "अन, इन, डिस, मिस, नॉन. पुढं लागलं की शब्द उलटा करायचा. बनियन उलटा करतात तसा. काय शंका?"

मागच्या बाकावरून हात वर आला. "सर, मग इंडिया म्हणजे?"

"बस खाली."

शंका विचारणारा तो मुलगा म्हणजे माझा मामेभाऊ. पुढे त्याने मास्तरांचा नियम इतका मनावर घेतला की एकदा खंडाळ्याच्या घाटात वाहनांची रांग अडली असताना तो खाली उतरला, पुढच्या टँकरला टेकून उभा राहिला आणि त्याने शांतपणे बिडी काढली. टँकरचा ड्रायव्हर केबिनमधून उडी मारून आला. त्याने पहिल्यांदा बिडी हिसकावून घेतली आणि मग टँकरच्या पाठीवरची लाल अक्षरे दाखवून विचारले, "पढना आता है?" मामेभाऊ म्हणाला, "आता है, इसलिये तो!" अक्षरे होती 'हायली इन्फ्लेमेबल'. फ्लेम म्हणजे ज्वाला, इन म्हणजे नाही, आणि हायली म्हणजे तर मुळीच नाही. मास्तरांच्या हिशेबाने उत्तर बरोबर होते.

घोटाळा लॅटिनमधला आहे. तिथे 'इन' दोन. एक नकाराचा. आपल्या 'अ' आणि 'अन्'चा तो सख्खा नसला तरी चुलत भाऊ. इंग्रजांचा 'अन' आणि ग्रीकांचा 'अ' हेही त्याच घराण्यातले. दुसरा 'इन' म्हणजे 'आत', आणि कधी कधी नुसताच जोर देण्यापुरता. चेहरे सारखे, पण एक जन्मभर नन्नाचा पाढा म्हणणारा आणि दुसरा दिसेल त्या घरात शिरणारा. 'इन्फ्लेमेबल'च्या दारात बसला आहे तो शिरणारा. जे आत ज्वाला घेते ते इन्फ्लेमेबल. मराठीने त्याला 'ज्वालाग्राही' असा सरळ शब्द दिलेला आहे. पेट्रोल वाहून नेणारांनी तो मोठ्या अक्षरांत लिहिला असता तर एक बिडी वाचली असती.

पण हा घोटाळा फक्त आमच्या मास्तरांच्या शिष्यांचाच होता असे समजू नका. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने, म्हणजे आगीपासून बचाव कसा करावा हे लोकांना सांगणाऱ्या संस्थेने, पुढचा 'इन' काढून टाका आणि नुसते 'फ्लेमेबल' लिहा, असा आग्रह धरला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा तेच लोक डबे वाचून फसत, आणि या प्रकारात फसलेला माणूस पुन्हा शहाणा व्हायला शिल्लक राहीलच असे नसते. १९५९ साली ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनही त्याच मताला आली. परिणाम असा की आज 'फ्लेमेबल' म्हणजे पेटणारे, 'इन्फ्लेमेबल' म्हणजेही पेटणारेच, आणि न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणून तिसरे नाव. एका काडेपेटीसाठी एवढा संसार!

'इन्व्हॅल्युएबल' हा याच घरातला दुसरा चकवा. व्हॅल्यू म्हणजे किंमत, तेव्हा इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल असायला हवे. ते निघते अमूल्य. इथे मात्र 'इन' नकाराचाच आहे. पण तो किमतीला नाही म्हणत नाही, किंमत करण्याला नाही म्हणतो. 'इन्फेमस' माणूसही फेमस असतोच, जरा जास्तच असतो. 'रि'चे तर विचारूच नका. माझ्या माहितीतल्या एका कचेरीत एका कारकुनाच्या कराराची मुदत संपली. त्याने नव्या करारावर पुन्हा सही करावी अशा अर्थाची टिपणी साहेबांनी टाइप करवली. पुन्हा सही करणे म्हणजे 'रि', मग छोटी आडवी रेघ, मग 'साइन'. टाइपरायटरवरची ती रेघेची कळ पावसाळ्यापासून बसत नव्हती. वरच्या कचेरीने 'रिसाइन' असे वाचले, राजीनामा मंजूर केला, आणि त्या गृहस्थाचा पगार तीन महिने अडकला. "नोकरी जाते ती भांडणाने, लाच खाल्ल्याने," तो पुढे सगळ्यांना सांगे. "माझी रेघेने गेली होती."

आपल्याच लोकांनी बनवला असे आपण अभिमानाने सांगतो तो 'प्रीपोन' घ्या. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे, तर प्रीपोन म्हणजे अलीकडे ओढणे. साहेबाला सुचला नाही, आम्हांला सुचला! पण १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून एका गृहस्थाने हाच शब्द सुचवलेला आहे. त्यांच्याकडे तो रुजला नाही. त्यांच्याकडे मुहूर्त अलीकडे ओढावे लागत नसतील.

इंग्रजीला हसताना आपल्या पायांखालीही जरा पाहिलेले बरे. 'घोर' म्हणजे भयंकर. 'अघोर' म्हणजे जे भयंकर नाही ते. शंकराच्या सौम्य रूपाचे ते नाव. आणि आपण मराठीत 'अघोरी उपाय' म्हणतो तेव्हा तो घोराच्याही वरताण असतो. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड, म्हणून 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांदेखत. वेदान्तात अजून तोच अर्थ चालतो. पण "माझ्या अपरोक्ष माझी निंदा केली" असे म्हणणारा मराठी माणूस पाठीमागे केलेल्या निंदेबद्दलच बोलत असतो. तोंडावर केली असती तर तो वाक्य पूर्ण करायला थांबला नसता. तेव्हा आपल्या घरातही दोन-चार टँकर उभे आहेत.

इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पण उपसर्गाचा अर्थ काय, या प्रश्नावर मुंबईच्या हायकोर्टात ज्युरीसमोर खल झालेला आहे, आणि त्यात एक माणूस तुरुंगात गेलेला आहे. साल १८९७. उपसर्ग 'डिस'. माणूस बाळ गंगाधर टिळक.

राजद्रोहाचे कलम मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात होते. १८६० साली इंडियन पीनल कोड प्रत्यक्ष जन्माला आले तेव्हा ते त्यातून गळाले. दहा वर्षे कुणाच्या फारसे लक्षात आले नाही, आणि मग १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते १२४ अ म्हणून परत बसवले. गुन्हा कोणता, तर सरकारविषयी 'डिसअ‍ॅफेक्शन' उत्पन्न करणे. अ‍ॅफेक्शन म्हणजे प्रेम, माया, ममता. आजी नातवावर करते ते. कायद्याच्या पुस्तकात हा शब्द शिरलाच कसा, असे आपल्याला वाटेल. पण राज्यकर्त्यांची अशी एक प्रामाणिक समजूत असते की प्रजेचे आपल्यावर प्रेम आहे आणि मधले काही लोक ते बिघडवतात.

कलमाखाली एक स्पष्टीकरण होते. त्याचा मथितार्थ असा: सरकारच्या कृत्यांबद्दल 'डिसअ‍ॅप्रोबेशन', म्हणजे नापसंती, दाखवायला हरकत नाही, मात्र कायदेशीर हुकूम पाळण्याचे 'डिस्पोझिशन', म्हणजे मनाचा कल, शाबूत पाहिजे, मग ते 'डिसअ‍ॅफेक्शन' नव्हे. एका वाक्यात तीन 'डिस'! पहिला नापसंतीचा आणि माफ. दुसरा आज्ञाधारकपणाचा आणि सक्तीचा. तिसरा गुन्ह्याचा. आमच्या मास्तरांच्या फळ्यावर हे वाक्य लिहिले असते तर बनियन किती वेळा उलटा करायचा ते त्यांनाही उमगले नसते.

'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त होता, त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती आणि महाराजांच्या तोंडी घातलेली कविता होती. पुढच्याच आठवड्यात, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. जुलैअखेर टिळकांना पकडले आणि सप्टेंबरात खटला उभा राहिला. लेख मराठी, ज्युरीपुढे त्याचे इंग्रजी भाषांतर, ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी, आणि न्यायासनावर आर्थर स्ट्रेची. ज्युरीला समजावून सांगताना न्यायमूर्तींनी डिसअ‍ॅफेक्शनचा अर्थ उलगडला. त्यांचे म्हणणे असे की डिसअ‍ॅफेक्शन म्हणजे केवळ अ‍ॅफेक्शनचा अभाव. आणि लागलीच पुढे म्हणाले की त्याचा अर्थ द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तिरस्कार आणि सर्व प्रकारचा आकस.

आता हे दोन अर्थ एकमेकांशेजारी ठेवून बघा. प्रेम नसणे आणि द्वेष असणे! आमच्या वाण्यावर माझे प्रेम नाही. पोस्टमनवर नाही. समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी पंचवीस वर्षे रोज पाहतो, त्यांच्यावर तर मुळीच नाही. पण म्हणून मी त्यांचा द्वेष करतो असे कोणी म्हटले तर ते बिचारे हवालदिल होतील. साधारण संसारी माणसाचे अर्धे आयुष्य या दोन टोकांच्या मधल्या मोकळ्या पटांगणात जाते. वीस वर्षांच्या विवाहित जीवनात तर आठवड्याचे निदान तीन दिवस. स्ट्रेचीसाहेबांनी त्या पटांगणाला कुंपण घालून ते सगळे सरकारजमा केले. सरकारवर माया केली नाहीत की तुम्ही वैरी.

बरे, हा अर्थ 'डिस'मध्ये असता तर गोष्ट वेगळी. पण लॅटिनमध्ये 'डिस' म्हणजे मुळात 'नाही' नव्हेच. 'डिस' म्हणजे 'अलग', 'फाटा फुटून'. डिस्पोझिशनमधला 'डिस' हाच, वस्तू अलग अलग मांडणारा. डिसअ‍ॅफेक्शन म्हणजे जडलेले मन फाटून दुरावणे. आणि हे सांगायला परदेशी पंडित लागले नाहीत. त्याच वर्षी, त्याच मुंबई हायकोर्टात, सातारा जिल्ह्यातल्या 'प्रतोद' पत्राचा खटला तीन न्यायमूर्तींपुढे आला. त्यांतले पार्सन्स म्हणाले की इथे डिसअ‍ॅफेक्शनचा अर्थ प्रेमाचा अभाव असाही नव्हे आणि नावड असाही नव्हे. तो राजकीय दुराव्याचा खास शब्द आहे. दुसरे एक न्यायमूर्ती म्हणाले की नुसता प्रेमाचा किंवा सदिच्छेचा अभाव हे डिसअ‍ॅफेक्शन नव्हे. त्याला मनात ठाम उभा राहिलेला तिटकारा लागतो, राजनिष्ठा सोडण्याच्या जवळ गेलेला. हे दुसरे न्यायमूर्ती म्हणजे महादेव गोविंद रानडे. सामाजिक परिषदेवरून, संमतिवयावरून, ग्रामण्यावरून ज्यांच्याशी टिळकांचा आयुष्यभर वाद झाला ते रानडे! पुण्यात एकमेकांशी पटले नाही तरी एका उपसर्गाच्या बाबतीत त्यांचे मत टिळकांच्या उपयोगी पडण्यासारखे होते. मात्र ते दुसऱ्या खटल्यात पडले. पुण्याच्या माणसांच्या नशिबी असेच योग असतात.

ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथे टिळकांच्या बाजूने उभे राहिले अ‍ॅस्क्विथ, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. स्ट्रेचींनी ज्युरीला चुकीचा अर्थ सांगितला हाच त्यांचा मुद्दा. अपिलाची परवानगी मिळाली नाही. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी रदबदली केली आणि साधारण वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये, टिळक सुटले. स्ट्रेची पुढे अलाहाबादला मुख्य न्यायाधीश झाले.

सरकारलाही आपला शब्द थोडा अंधुक आहे हे कळले असावे. कारण १८९८ साली कलम दुरुस्त झाले आणि खाली लिहिले गेले की डिसअ‍ॅफेक्शनमध्ये 'डिसलॉयल्टी' आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात. एका 'डिस'चा अर्थ सांगायला दुसरा 'डिस' आणून बसवला! आमच्या चाळीत नळाचे भांडण मिटवायला अशीच दुसरी बादली आणून ठेवीत.

कलम १९०८ साली पुन्हा चालले आणि टिळक सहा वर्षे मंडालेला गेले. ते तिकडे असताना १९१० साली लंडनच्या टाइम्सचे व्हॅलेन्टाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या 'अनरेस्ट'वर पुस्तक लिहिले आणि टिळकांना त्या अनरेस्टचा जनक ठरवले. ही शिवी होती. टिळकांनी लंडनला जाऊन चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. पण तोवर मराठी माणसाने निराळाच निकाल लावून टाकला होता. अनरेस्ट म्हणजे रेस्ट नसणे. शब्दशः घेतले तर अस्वस्थता, बेचैनी. 'भारतीय अस्वस्थतेचे जनक' म्हटले असते तर पित्तावरच्या गोळीची जाहिरात वाटली असती. कुणीतरी 'अन'च्या जागी आपला 'अ' बसवून 'असंतोष' केला, आणि चिरोलची शिवी पदवी झाली. आता शाळेतली मुले भारतीय असंतोषाचे जनक कोण, या प्रश्नाला एक गुण मिळवतात. भाषांतराने एवढा मोठा सूड क्वचित उगवला असेल.

१९२२ साली अहमदाबादला गांधीजींवर हेच कलम लागले. त्यांनी उपसर्गाचा वाद घातलाच नाही. प्रेम काही कायद्याने तयार करता येत नाही, आणि या सरकारविषयी ते नसणे हा मी सद्गुण समजतो, असे सांगून त्यांनी शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षे दिली. सद्गुणाचा हा दर तेव्हा ठरूनच गेला होता. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये हे कलम तूर्त गोठवले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्या १५२ व्या कलमात इतर गोष्टी पुष्कळ आहेत, डिसअ‍ॅफेक्शन हा शब्द नाही. निदान मायेची सक्ती तेवढी उठली.

उपसर्गाचा दुसरा धंदा पांघरुणाचा. इथे तो शब्द ओढून नेत नाही. शब्दाच्या अंगावर शाल टाकून त्याला मागच्या दाराने बाहेर काढतो. १७ एप्रिल १९७३ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे पत्रकारप्रमुख रॉन झीग्लर पत्रकारांपुढे आले. वॉटरगेटबद्दल ते कित्येक महिने जे सांगत होते ते खोटे होते, हे आता झाकता येत नव्हते. खोटे म्हणजे काय, हे मराठी तिसरीतला मुलगाही सांगेल. झीग्लरांनी आधीची निवेदने 'इनऑपरेटिव्ह' झाली असे सांगितले. म्हणजे निवेदन खोटे नव्हते बरे का. चालू होते, ते बंद पडले. लिफ्ट बंद पडते तसे. लिफ्ट बंद पडली म्हणून कोणी लिफ्टला खोटारडी म्हणते काय?

जॉर्ज ऑर्वेलला हे आधीच दिसले होते. १९४९ सालच्या कादंबरीत त्याने असे सरकार रंगवले की ज्याने 'बॅड' हा शब्दच रद्द केला. 'अनगुड' म्हणायचे. वाईट म्हटले की माणसाला राग येतो; 'न-चांगले' म्हटले की चांगले हा शब्द ऐकल्याचे समाधान राहते. त्याच साली जानेवारीत ट्रूमन यांनी अध्यक्षपदाच्या भाषणात जगातल्या 'अंडरडेव्हलप्ड' प्रदेशांना मदत करायचे जाहीर केले. तोवर आपण मागासलेले होतो. त्या दिवसापासून विकसितच, फक्त जरा खालच्या मजल्यावर.

आपल्या सरकारने या विद्येत साहेबाला मागे टाकले आहे. सरकारी कारखान्यांतले सरकारचे भाग विकायला १९९१-९२ पासून सुरुवात झाली. याला विकणे म्हणायचे नाही. घरातली तांब्या-पितळ मोडीत काढणारी आमची वहिनीदेखील "विकली नाही हो, जरा कमी केली" असेच सांगते. सरकारने म्हटले 'डिसइन्व्हेस्टमेंट'. मराठी वर्तमानपत्रांनी भराभर 'निर्गुंतवणूक' केले. गुंतलेले काहीतरी सोडवतो आहोत, पतंगाचा मांजा सोडवावा तसा, असा एक निरागस भास त्यात आहे. १९९९ च्या डिसेंबरात त्याचे स्वतंत्र खातेही निघाले. पुढे तो 'डिस'सुद्धा कुणाच्यातरी डोळ्यात सलू लागला असावा. १४ एप्रिल २०१६ पासून त्या खात्याच्या इंग्रजी नावातला 'डिस' काढला. 'इन्व्हेस्टमेंट' उरली आणि तिला सार्वजनिक मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे शेपूट जोडले. खाते विक्रीचे, पाटी गुंतवणुकीची. उपसर्ग लावून झाकावे आणि काढूनही झाकावे, हे ऑर्वेललासुद्धा सुचले नव्हते.

बँकेची 'नॉन-परफॉर्मिंग अ‍ॅसेट' ही यातलीच. कर्ज बुडाले असे आपण म्हणतो. बँक म्हणते, ती मालमत्ताच आहे, फक्त प्रयोग करीत नाही. नाटक मंडळीत असा एखादा नट असतो खरा. पगारपत्रकात नाव, पंगतीत पहिला पाट, रंगभूमीवर कधीच नाही. मार्च २००४ पासून हप्ता नव्वद दिवसांवर थकला की कर्जाला हे नाव मिळते. मग ते आधी 'सब-स्टँडर्ड' होते, मग 'डाउटफुल', मग 'लॉस'. या तीन पायऱ्या उतरून शेवटी येते तेच, जे पतपेढीतला शिपाई पहिल्याच दिवशी कर्जदाराचे बूट बघून सांगत होता.

पण पैशांवर शाल टाकली तर टाकली. माणसांवर टाकलेल्या एका उपसर्गाबद्दल सांगायचे आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला. त्याखाली जमातीच्या जमाती गॅझेटात 'नोटिफाय' झाल्या. गुन्हा केला म्हणून नव्हे. त्या जमातीत जन्माला आले म्हणून. मूल पाळण्यात असतानाच सरकारच्या लेखी गुन्हेगार. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. आतली माणसे सूतगिरण्यांत कामाला जात आणि परत तारेच्या आत येत. तिला म्हणत 'सेटलमेंट'. सोलापुरात त्या भागाला सेटलमेंट असेच नाव आहे. स्थिरस्थावर झालेल्यांची वस्ती! यात उपसर्ग नाही, पण शाल तीच.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने चौकशी केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. आता या लोकांना म्हणायचे काय? इंग्रजी फायलीने एक उपसर्ग काढला आणि लावला: 'डीनोटिफाइड'. ज्यांची अधिसूचना मागे घेतली आहे ती माणसे. अधिसूचना गेली, पण ती होती हे सांगणारा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. एखाद्याची खटल्यातून निर्दोष सुटका व्हावी आणि त्याने जन्मभर दारावर 'माजी आरोपी' अशी पाटी लावावी, तसे. शिवाय १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, तेव्हा पाटी वाचणाऱ्या पोलिसाला वहीही मिळाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. आमच्यासारख्या दिवाणखान्यात बसून वाचणारांना कळले की कायदा रद्द होऊन तीस-पस्तीस वर्षे झाली तरी चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात.

मराठीने मात्र इथे एक चांगले काम केले. 'डीनोटिफाइड'चे शब्दशः भाषांतर करायचा मोह टाळला. 'निरधिसूचित' असे काहीतरी भयंकर करणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्याऐवजी शब्द आला 'विमुक्त'. यात गॅझेट नाही, नोंदवही नाही, तार नाही. मुक्तला 'वि' लावला तो उलटा करायला नव्हे, जोर द्यायला. इन्फ्लेमेबलमधल्या दुसऱ्या 'इन'चा हा आपल्याकडचा भला भाऊ. ३१ ऑगस्ट हा दिवस या जमातींतले लोक विमुक्त दिन म्हणून पाळतात. 'डीनोटिफिकेशन डे' म्हणून कोणी पताका लावल्या असत्या असे मला वाटत नाही.

शासनाच्या यादीत या जमातींचा गट 'विमुक्त जाती (अ)' असा लिहितात. नोकऱ्यांत आणि शिक्षणात त्यांना तीन टक्के जागा आहेत. बाकीच्या भटक्या जमाती ब, क आणि ड. एका तालुक्याच्या गावी दाखल्यांच्या खिडकीसमोर मी एका कामासाठी उभा होतो. माझ्या पुढे एक फेटेवाले गृहस्थ आणि त्यांचा दहावीतला मुलगा. मुलाच्या हातात अर्ज होता आणि तो एकेक शब्द बोट ठेवून वाचत होता.

"आबा, हितं इमुक्त जाती म्हणलंय आन् म्होरं कंसात अ दिलाय."

"मग?"

"गुरुजी म्हणत्यात अ म्हंजी न्हाई. मग आपण इमुक्त का अइमुक्त?"

आबांनी खिडकीकडे पाहिले. आतल्या खुर्चीवर साहेबांचा कोट होता, साहेब नव्हते.

"दाखला हातात पडू दे," ते म्हणाले. "मग सांगतो."